यामाशिता तात्सुरोचं 'ख्रिसमस ईव्ह': गाण्यात ती येत नाही, जाहिरातीत येते

मेघना_नागोया

जून महिन्यात आलेल्या अल्बमच्या अगदी शेवटी एक नाताळचं गाणं आहे. २४ डिसेंबरची रात्र, पाऊस पडतोय, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ होईल असं दिसतंय. गाणारा माणूस कुणाची तरी वाट बघतोय आणि ती येणार नाही हे त्याला कळून चुकलंय. आज बोलायचंच असं ठरवलेलं काहीतरी मनातच राहिलंय. संपलं गाणं. ना घंटा, ना सांता, ना शेवटी भेट.

अल्बमचं नाव 'मेलडीज', साल १९८३, गायक यामाशिता तात्सुरो. या गाण्याचे शब्द, चाल, संयोजन, सगळं त्याचंच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे गाणं सिंगल म्हणून वेगळं आलं आणि ओरिकॉनच्या (जपानमधल्या गाण्यांच्या विक्रीच्या) यादीत ४४ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यापुढे गेलं नाही. २५ डिसेंबर १९८९ च्या यादीत मात्र तेच गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. सहा वर्षं जुनं गाणं! पुढे २०१६ साली गिनीजने त्याची नोंद घेतली: १९८६ ते २०१५ अशी सलग ३० वर्षं जपानच्या पहिल्या शंभरात आलेलं गाणं. तो सिलसिला त्यानंतरही सुरूच आहे.

ज्यांना हा गायक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५३, तोक्योच्या इकेबुकुरोमधला. सत्तरच्या दशकात 'शुगर बेब' नावाचा बँड, १९७६ पासून एकटा. १९८० साली 'राइड ऑन टाइम' हे गाणं कॅसेटच्या जाहिरातीतून गाजलं आणि तेव्हापासून लोकांनी त्याच्यावर उन्हाळा, समुद्र, मोटारीतली गाणी असा शिक्का मारला. अलीकडे यूट्यूबमुळे जगभर पसरलेल्या 'सिटी पॉप'चा, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी शहरी पॉप संगीताचा, हा मुख्य माणूस. ताकेउची मारिया ही त्याची बायको, तिच्या गाण्यांचा निर्माताही तोच. टीव्हीवर गायला येत नाही, तोक्यो एफएमवर १९९२ पासून आठवड्याचा कार्यक्रम करतो (आधी शनिवारी, आता रविवारी), जुनी गाणी आपल्या संग्रहातून वाजवतो.

गाणं वर आलं ते जेआर तोकाई या रेल्वे कंपनीच्या जाहिरातीमुळे, असं इथे जपानमध्ये कुणीही सांगेल. १९८८ च्या जाहिरातीत अभिनेत्री फुकात्सु एरी फलाटावर वाट बघतेय. गाडी येते, माणसं उतरतात, तो दिसत नाही, तिचा चेहरा पडतो आणि खांबाआडून तो बाहेर येतो. १९८९ च्या जाहिरातीत अभिनेत्री माकिसे रिहो भेटवस्तू छातीशी धरून स्टेशनातून धावतेय, लोकांना धडकतेय, त्याच्या आधी पोचायचंय तिला. शेवटी तो फाटकातून बाहेर येताना दिसतो आणि ती खांबामागे लपून श्वास सावरते. आमच्या नागोया स्टेशनातच चित्रित झालीये ती.

माझं म्हणणं असं: जाहिरातीने गाण्याचा अर्थ उलटा केला. गाण्यात कुणी येत नाही, जाहिरातीत दरवेळी कुणीतरी येतंच. तरीही गाणं मोडलं नाही. उलट दोन्ही अर्थ गेली पस्तीस वर्षं एकत्र नांदताहेत. हे कसं झालं यावर तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचं आहे. संगीत कळणारी, रेल्वेवेडी, जपानीवाली सगळी मंडळी इथे आहेतच.

---

कोमोरेबी_पुणे

मेघनाताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मी शिकवते तिथे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटीची (जपानी भाषेच्या प्रावीण्याची) परीक्षा झाली की मुलं मोकळी होतात, त्यानंतरच्या तासाला मी हे गाणं लावते. मुलांना पहिल्यांदा धक्का बसतो तो नाताळ या सणाचाच. जपानमध्ये ख्रिश्चन जेमतेम एक टक्का. २५ तारखेला सुट्टी नसते. कुटुंबाने एकत्र यायचं ते नवीन वर्षाला. नाताळ, त्यातही २४ ची संध्याकाळ, ही प्रेमिकांची. स्ट्रॉबेरी लावलेला पांढरा केक आणि १९७४ पासून केएफसीच्या मोहिमेमुळे रूढ झालेलं तळलेलं चिकन.

हे माहीत असेल तरच गाण्यातला एकटेपणा पुरता पोचतो. अख्खं शहर जोडीने हिंडत असलेल्या रात्री हा माणूस एकटा आहे. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला घरात एकट्याने बसावं लागलं तर जे वाटेल, तितकं ते बोचरं आहे.

---

शशांक_सनीवेल

मी ताकेउची मारियाच्या 'प्लॅस्टिक लव्ह' या गाण्यामार्गे यामाशितापर्यंत पोचलेला माणूस, त्यामुळे प्रेम आहेच. पण मेघना, जाहिरातीचं श्रेय तू कमी करते आहेस असं वाटतं. ४४ व्या क्रमांकावर थांबलेलं गाणं होतं ते. १९८८-८९ म्हणजे जपानच्या फुगलेल्या पैशाचा कळस. तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि तो आकडा पार व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्याच आठवड्यात! नाताळच्या रात्रीसाठी महागडी हॉटेलं, महागड्या भेटी असा तो काळ. त्या वातावरणात एका मोठ्या कंपनीने दर डिसेंबरात गाणं घराघरात वाजवलं. दुसरं कुठलंही बरं गाणं घेतलं असतं तरी तेच झालं असतं.

---

मेघना_नागोया

शशांक, निक्केईचं आणि गाण्याचं एकाच आठवड्यात शिखर गाठणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ते फार नेमकं टिपलंस. पण शेवटचं वाक्य अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण मूळ लेखातच आहे. गिनीजची मोजणी कधीपासून सुरू होते? १९८६. जाहिरात कधीची? १९८८. म्हणजे त्या जाहिरातीशिवायच हे गाणं १९८६ आणि १९८७ च्या हिवाळ्यात पहिल्या शंभरात परत आलं होतं. लोक दुकानात जाऊन तीन-चार वर्षं जुनं गाणं विकत घेत होते. का? कुणीतरी कुणाला ऐकवलं म्हणून, रेडिओवर लागलं म्हणून. जाहिरात करणाऱ्यांनी मेलेलं गाणं उकरून काढलं नाही. आधीच हळूहळू वर येत असलेलं गाणं त्यांनी हेरलं. पहिल्या क्रमांकाचं श्रेय जाहिरातीला मी आनंदाने देते. परत येण्याची सवय मात्र गाण्याची स्वतःची आहे.

आणि जाहिरातींची ती मालिका १९९२ ला थांबली. २००० साली एकदा आठवण म्हणून आणखी एक केली, बस. आज कॉलेजात असलेल्या मुलांनी त्यातली एकही टीव्हीवर पाहिलेली नाही.

---

शशांक_सनीवेल

१९८६ चा मुद्दा मान्य. मागे घेतो.

---

डेक्कनक्वीन_प्रेमी

रेल्वेची बाजू मांडतो, कारण ती इथे निव्वळ पार्श्वभूमी नाही.

जपानची सरकारी रेल्वे प्रचंड कर्जात होती. १ एप्रिल १९८७ ला तिचे तुकडे करून खासगीकरण झालं. जेआर तोकाईच्या वाट्याला तोकाइदो शिनकानसेन ही बुलेट ट्रेन आली, तोक्यो ते शिन-ओसाका, १९६४ पासूनची, सगळ्यात जास्त धावणारी. नव्या कंपनीला आपली ओळख घडवायची होती. वेग आणि वक्तशीरपणा लोकांना आधीपासून ठाऊक होता, त्याची जाहिरात करून नवं काय सांगणार? त्यांनी गाडीत बसणाऱ्या माणसांकडे पाहिलं. १९८७ मध्येच 'सिंड्रेला एक्सप्रेस' नावाची जाहिरात आली. रविवारी रात्री नऊला तोक्योहून ओसाकाला सुटणारी शेवटची गाडी, आणि दोन शहरांत राहणाऱ्या जोडप्यांचा फलाटावरचा निरोप. त्या वेळी गाणं गायिका मात्सुतोया युमीचं होतं.

म्हणजे पहिल्या वर्षी ताटातूट दाखवली आणि दुसऱ्या वर्षापासून नाताळला भेट. ही जोडी लक्षात घेतली तर १९८८ ची जाहिरात वेगळी दिसते. आठवडाभर, महिनाभर लांब राहणाऱ्या माणसांचा देश होता तो. नोकरीत बदली झाली की घर तिथेच आणि माणूस दुसऱ्या शहरात. मोबाइल नाही. गाडी चुकली तर कळवणार कसं? म्हणून फलाटावर उभ्या असलेल्या त्या मुलीच्या तोंडावर जी भीती आहे ती खोटी वाटत नाही. 'येणार नाही बहुतेक' हे त्या काळी खरोखर घडायचं.

माझ्या मते जाहिरातीने अर्थ पूर्ण उलटा केला नाही. गाण्यातल्या भीतीच्या जिवावरच ती उभी आहे. दुसरं एखादं आनंदी नाताळगीत लावलं असतं तर खांबाआडून तो बाहेर येण्याचं काही वाटलंच नसतं.

---

मेघना_नागोया

काका, हे मी लेखातच लिहायला हवं होतं. 'भीतीच्या जिवावर' अगदी बरोबर.

---

खर्जातला_सा

आता गाण्याच्या आत जाऊ. घाईत ऐकलेल्यांनी हेडफोन लावून पुन्हा ऐका, विशेषतः मधला भाग.

कडव्याच्या खाली बेस एकेक पायरी उतरत जातो, युरोपच्या बरोक काळातल्या रचनांत सापडतो तसा. यामाशिताच्या ते लक्षात आलं आणि त्याने मध्यंतरात सरळ सतराव्या शतकातल्या पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा कॅनन आणून ठेवला. पण वाद्यांवर नाही! वाद्यं बाजूला होतात आणि फक्त आवाज उरतात. शब्दही नाहीत, नुसते अक्षरध्वनी. साठच्या दशकात पॅरिसमधल्या स्विंगल सिंगर्स या गायकगटाने बाखच्या वाद्यरचना अशाच आवाजांनी गायल्या होत्या, ती पद्धत. आणि हे सगळे आवाज त्याचे एकट्याचे. एक आवाज रेकॉर्ड करायचा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. हे त्याला नवीन नव्हतं. १९८० साली 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर' हा आख्खा अल्बम त्याने असाच, सगळे आवाज स्वतः गाऊन केला होता. अमेरिकेतल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चार-पाच पोरांनी मिळून गायची ती डू-वॉप गाणी, आणि इथे एकच माणूस पाचही जण झालेला.

कॅनन म्हणजे काय? पाखेलबेलच्या मूळ रचनेत तीन व्हायोलिनं आहेत. पहिलं सुरू होतं, दोन माप झाल्यावर दुसरं तेच वाजवत मागून निघतं, आणखी दोन मापांनी तिसरं. खाली आठ स्वरांचा बेस पुन्हा पुन्हा, एकूण २८ वेळा. मागचा आवाज पुढच्याच्या वाटेने चालतो, पण त्याला गाठत कधीच नाही.

गाण्यातल्या माणसाला कुणी भेटायला आलेलं नाही. मग मध्यंतरात समूहगान सुरू होतं, चर्चमध्ये ऐकू यावं तसं भरलेलं, आणि तो सगळा समूह म्हणजे तोच एकटा. हे त्याने ठरवून केलं की कारागिरीच्या ओघात झालं, त्याने फरक पडत नाही. ऐकताना कानाला ते कळतं. मग ढोलताशाचा एक छोटा तुकडा येतो (ड्रम्सला दुसरं काय म्हणू!) आणि पुन्हा कडवं. त्या क्षणी माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

आणखी एक. या गाण्याला आपण बॅलड म्हणतोय, पण ते रेंगाळत नाही. ताल सतत पुढे चालू असतो, रात्रीच्या रस्त्यावरून कुणी चालत असल्यासारखा. रडगाणं झालं नाही ते त्यामुळे. दुकानात, स्टेशनात, गर्दीत वाजलं तरी ते अडसर वाटत नाही याचंही कारण हेच असावं.

---

निर्मळचा

वसईहून नमस्कार. धागा दोनदा वाचला, गाणं तीनदा ऐकलं. आवडलं. तरीही मनात आलं ते लिहितो, कुणी गैर मानू नये.

आमच्याकडे नाताळ म्हणजे डिसेंबरभर गोठे बांधायची गडबड, गावागावात कॅरल गाणारी पोरं, मध्यरात्रीची मिस्सा, घरात केलेला फराळ. नाताळच्या गाण्यात बाळ येशू असतोच, नाहीतर ते नाताळचं गाणं कसलं? आणि वाट बघणं म्हणाल तर त्याच्याआधीचे चार आठवडे, आगमनकाळ, आम्ही वाटच बघतो. पण त्या वाट बघण्याचा शेवट ठरलेला असतो. तो येतो. म्हणून 'सायलेंट नाईट, होली नाईट' हे शब्द त्या ध्रुवपदात ऐकले आणि क्षणभर खटकलं. पवित्र रात्र म्हणायचं आणि कुणी यायचंच नाही?

---

कोमोरेबी_पुणे

निर्मळचादादा, गैर कशाला मानू, फार महत्त्वाचं लिहिलंत. जपानमध्ये बहुतेकांना तो स्तोत्राचा तुकडा म्हणजे नाताळच्या रात्रीची ऐकून माहीत असलेली खूण, इतकंच. गाण्याने त्याची टिंगल केलेली नाही असं मला वाटतं. आजूबाजूला सगळं पवित्र आणि शांत आहे आणि माझ्याच वाट्याला ते नाही, अशा जागी ते शब्द येतात.

---

निर्मळचा

हो, चौथ्यांदा ऐकताना तसंच वाटलं. खर्जातला_सा यांनी चर्चमधल्या समूहगानाचं लिहिलं ते वाचून ऐकलं म्हणून असेल. आमच्या गायनवृंदात चार आवाज बसवायला किती महिने लागतात ते मला ठाऊक आहे. एका माणसाने ते एकट्याने बसवलं याला सलाम. तरी मी याला नाताळच्या रात्रीचं गाणं म्हणेन, नाताळचं नाही. इतका फरक मला ठेवू द्या.

---

सुलभाकाकू

मला जपानी कळत नाही आणि पॉप संगीतही फारसं नाही. नातवाने ती १९८९ ची जाहिरात लावून दिली. ती मुलगी धावत येते आणि शेवटी समोर न जाता खांबामागे लपते, तिथे मी थांबवून पुन्हा बघितलं. आमच्या लग्नाआधी हे भुसावळला नोकरीला होते. दादरला त्यांची गाडी यायच्या वेळी मी जायची. इतक्या लोकांत समोर जाऊन उभं राहायची छाती व्हायची नाही. त्यांनी आधी मला शोधावं असंही वाटायचं. त्या दिग्दर्शकाला हे कसं कळलं कोण जाणे. कौतुक वाटलं.

---

केदार_निशिकसाई

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला.

तोक्योत निशिकसाईला राहतो. इथे भारतीय वस्ती मोठी, दिवाळीला एकटं वाटत नाही. २४ डिसेंबरला वाटतं. ऑफिस चालू असतं, आठला बाहेर पडलो की स्टेशनाजवळ केकचे खोके घेऊन घाईने जाणारी माणसं, आणि कुठल्यातरी दुकानातून हे गाणं. शब्द समजायला लागले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की इतक्या जोडप्यांच्या गर्दीत वाजणारं गाणं माझ्यासारख्याच्या बाजूने आहे. एकटी असणारी माणसंही या गाण्याला आपलं मानतात, इथल्या सहकाऱ्यांकडूनही हेच ऐकलंय. मेघनाताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: जाहिरातीने हे गाणं भेटणाऱ्यांना दिलं, पण न भेटणाऱ्यांकडून काढून घेतलं नाही. दोघांनाही तेवढंच पुरतं.

---

शशांक_सनीवेल

केदारच्या मुद्द्यात एक भर घालतो. १९९३ च्या 'सीझन्स ग्रीटिंग्ज' या अल्बममध्ये याच गाण्याची इंग्रजी आवृत्ती आहे, शब्द गीतकार ॲलन ओ'डे यांचे. ऐकून बघा. आवाज तोच, चाल तीच, पण इकडे अमेरिकेत तिला फार कुणी ओळखत नाही. इथे नाताळ म्हणजे घर, झाड, आईबाप, पोरंबाळं. नाताळच्या रात्री ठरवलेल्या भेटीला प्रेयसी आली नाही हे दुःख इथल्या सणात बसत नाही. गाण्याला तोच देश आणि तीच रात्र लागते. आधी मी म्हणालो होतो दुसरं कुठलंही गाणं चाललं असतं. आता म्हणेन, दुसऱ्या कुठल्याही देशात हे गाणंसुद्धा चाललं नसतं.

---

मेघना_नागोया

किती सुरेख बोललात सगळे. कोमोरेबींनी सणाचं सांगितलं, काकांनी फलाटाचं, शशांकने ते दोन्ही जोडलं.

निर्मळचादादा, तुमचा फरक मी लेखात उचलणार आहे, तुमच्या नावासकट.

व्यनितून बऱ्याच जणांनी विचारलंय की गाणं स्ट्रीमिंगवर का सापडत नाही. यामाशिताने आपली गाणी तिथे देणं टाळलंय. २०२२ मध्ये 'सॉफ्टली' अल्बमच्या वेळच्या मुलाखतीत तो म्हणाला होता की बहुधा मरेपर्यंत देणार नाही. त्याचं कारण असं की गाणं बनवण्यात ज्यांचा काही वाटा नाही ते पैसे नेतात. मला त्याचं पटतं. काही जणांना तो हेकटपणा वाटेल, वाटो. पण याच कारणाने इथे हे गाणं अजूनही दरवर्षी वस्तू म्हणून विकलं जातं, आणि पहिल्या शंभरातला तो सिलसिला टिकण्यात या वस्तूचाही हात आहे. तिकडून घ्यायचं असेल तर 'मेलडीज'ची ३० व्या वर्षाची सीडी शोधा. सिंगलपेक्षा अल्बमच घ्या, कारण आधीची नऊ गाणी ऐकून मग दहावं हे येतं तेव्हा हवा एकदम बदलते.

---

खर्जातला_सा

सीडी घेणाऱ्यांनी 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर'ही मागवा. तीन भाग आहेत: १९८०, १९८६ आणि १९९९. पहिल्यापासून सुरू करा.

---

डेक्कनक्वीन_प्रेमी

मेघना, नागोया स्टेशनातला तो खांब अजून आहे का? एप्रिलमध्ये येतोय.

---

मेघना_नागोया

काका, स्टेशनाची इमारत नव्वदच्या दशकात पाडून नवीन जुळे मनोरे बांधले, त्यामुळे आतलं बरंच बदललंय. या तुम्ही. जाहिरात फोनवर लावून आपण दोघं मिळून जागा शोधू, आणि नंतर रेल्वे पार्क या रेल्वे संग्रहालयात जाऊ, तिथे त्या काळातली १०० सिरीजची शिनकानसेन गाडी ठेवली आहे.